खळीची होडी

वासू, लेका, मेलास ते मेलास, पण जाता जाता मला हे काय करून गेलास बे?

आज तुझी तेरवी झाली. मी आत्ताच तुझ्या घरून आलो. सायकल भिंतीला टेकवली, कपडेही नाही बदलले आणि सरळ लिहायला बसलो. बायको विचारून गेली, जेवता का. मी म्हटलं, जेवून आलो. तर म्हणते, मग तोंड असं काहून केलं? तुझं वय, तुझी नोकरी, मागे कोण कोण राहिलं, हे सगळं तुझ्या पॉवर हाऊसच्या लोकांनी गेटजवळच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं. मी ते लिहिणार नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. बारा वर्षांत पहिल्यांदा तू मध्येच तोंड घालून विषय बदलू शकणार नाहीस.

तिसऱ्या दिवशी, तुझी राख सावडून आम्ही परत आलो, तेव्हापासून हे सुरू झालं. तुझ्या गल्लीतल्या बाया ओसरीवर बसल्या होत्या. मी चपला काढून राहिलो होतो तर एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "हेच का वं ते, होडीवाले बाबूजी?" दुसरी म्हणाली, "हेच. यायनंच वाचवलं होतं वासूले तलावातून." आणि दोघींनी मला हात जोडले.

मी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, माझ्यामागे कोणी उभं असेल. मागे फक्त समोरच्यांची गाय होती.

मग म्हातारीनं मला माझीच गोष्ट सांगितली. होडी बुडून राहिली होती, वासू पाण्यात होता, त्याच्या पायात गोळे आले, त्यानं हाक मारली, आणि या बाबूजीनं, पोहता येत नसताना, अर्ध्या बुडलेल्या होडीनं मागे फिरून त्याला हाताला धरून ओढलं. मी म्हटलं, "नाही हो आजी, तसं काही झालं नाही." तर ती डोळे पुसत हसली. "पाहा! वासू सांगे तसंच. तो सांगे, त्याले कोणी इचारलं तं तो कबूलच नाही करत, लाजते."

म्हणजे नाही म्हणायचा रस्ताही तू बंद करून ठेवला होतास. शाबास.

तेव्हापासून मला काही समजूनच नाही राहिलं. ऑफिसात बसतो, फाईल उघडतो, तीच ओळ चारदा वाचतो. त्या होडीत आपण दोघंच होतो. काय झालं ते तुला ठाऊक, मला ठाऊक. मला वाटलं, आता एकट्या मलाच ठाऊक, आणि बाकी तुमच्या सगळ्या सक्करदऱ्याला भलतंच ठाऊक. कधी कधी तर मलाच शंका यायची, की मी उगाच स्वतःला बोल लावत असेन, तशीच झाली असेल गोष्ट. मग तो दिवस पुन्हा पहिल्यापासून आठवून पाहायचो. तसाच आठवून सांगतो. चुकलो तर तिथून सांग.

होडीचं खूळ माझंच, हे कबूल. मी ऑफिसात नवा लागलो होतो, इंग्रजी सुधारावं म्हणून सीताबर्डीच्या रद्दीवाल्याकडून जुनी मासिकं आणायचो. त्यातल्या एकात कयाक कशी बांधावी याच्या आकृत्या होत्या. लांबुळकी होडी, दोन्ही टोकं निमुळती, लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, वरून दोन माणसांनी आत पाय पसरून बसायला भोकं. शेजारी फोटो. एक गोरा आणि त्याची बायको रानातल्या तलावाच्या काठी तंबू ठोकून बसलेले. मी तुला ते हसायला म्हणून दाखवलं. तू हसलाच नाहीस. ते पान तू असं निरखून पाहिलंस की मला वाटलं, आता हा ते फाडून नेतो. नेलंसच.

"यात हाय काय बे? काड्या अन् कापड," तू म्हणालास. "काड्या बुरडाजवळून आणू. कापड तं घरीच हाय."

तेव्हा तुमच्या घरी दोन माग चालत होते. एकावर तुझे वडील, काकाजी, एकावर तू. दुहेरी सुताचं कापड तू महिनाभर विणलंस, लुगड्यांचं काम संपल्यावर उरलेल्या वेळात. काकाजींनी पहिल्या दिवशी मागावरच्या उभ्या सुताकडे, ताण्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कोणासाठी?" तू म्हणालास, होडीसाठी. ते म्हणाले, "होडी आता लुगडं नेसाले लागली का?" आणि आपल्या मागावर जाऊन बसले. पण खळ लावायच्या दिवशी तेच उठून आले. तांदळाच्या पेजेची घट्ट खळ, आणि ती ताण्यावर कुंच्यानं ओढणं हे तुझ्या हाताला बरोबर जमत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळ्या ताण्याला त्यांनी स्वतः खळ लावली. मी पायरीवर बसून पाहत होतो. विणून झाल्यावर त्या कापडाला टिचकी मारली तर पत्र्यासारखं वाजायचं.

आणि इथे आपलं भांडण. मी त्या मासिकातून तुला वाचून दाखवलं होतं, की रंग देण्याआधी कापड उकळत्या पाण्यात धुऊन त्यातली खळ पुरती काढून टाकावी. वाचलं होतं, वासू. शपथेवर सांगतो. तू म्हणालास, "कोरं कापड धुवाचं नसते." मी म्हटलं, "अरे, इथे लिहिलं आहे." तेवढ्यात काकाजी मागावरूनच बोलले, "या घरातून आजवर धुतलेलं कापड बाहेर नाही गेलं बाबूजी. कोरं जाते, खळीसकट. धुणं नेसणाऱ्याचं काम." तू माझ्याकडे पाहून डोळा मारलास. "होडी नेसन तवा धुईन."

मी गप्प बसलो. का बसलो ते सांगतो. ते कापड इतकं सुंदर झालं होतं की पाण्यात घालायचं मलाच जिवावर आलं. शिवाय मी कारकुनाचा पोरगा, कापडातलं मला काय कळतं, तेही तुमच्या घरात बसून. जवसाच्या तेलात रंग कालवून आपण तिघांनी त्या कोऱ्या कापडावर दोन हात दिले. सक्करदऱ्याच्या तलावात अर्धा तास चालवून पाहिली. थेंब आत आला नाही. काठावर ही गर्दी. काकाजी मान वर करून लोकांना सांगत होते, खळ माझ्या हातची आहे.

दिवाळीच्या सुटीत होडी सुटी करून आपण निघालो. इतवारीहून छोट्या लाईनच्या गाडीनं नागभीड, तिथून बैलगाडीनं घोडाझरी. कापडाची गुंडाळी तुझ्या खांद्यावर, कामट्यांचा भारा माझ्या. गार्डनं विचारलं, हे काय? तू म्हणालास, "मंडपाचं सामान हाय. नागभीडले लग्न हाय." तो म्हणाला, कोणाचं? तू माझ्याकडे बोट दाखवलंस. मग नागभीड येईपर्यंत तो गार्ड प्रत्येक स्टेशनावर येऊन मला पाहून जायचा.

घोडाझरीच्या तलावावरचा तो पहिला दिवस. वासू, मी आजवर तुला कधी म्हटलं नाही, पण तसा दिवस मला पुन्हा मिळाला नाही. डोंगर तीन बाजूंनी, पाणी काठोकाठ, आणि आपण दोघं एकामागे एक बसलेले, पाय पसरून, पाण्याच्या इतके जवळ की हात सोडला की भिजायचा. ती होडी आवाजच करत नव्हती. एक सांबर पाणी पिऊन राहिलं होतं, त्याच्या इतक्या जवळ गेलो की त्याच्या नाकावरचं पाणी दिसलं. त्यानं आपल्याला पाहिलं आणि पुन्हा प्यायला लागलं. मी श्वास धरून बसलो होतो, आणि तू मागून माझ्या पाठीत बोटं रोवत होतास.

त्या संध्याकाळी टापूवर आपण शेकोटी केली. तू निखाऱ्यात पानगे भाजलेस, वांगी भाजलीस. जेवताना तू दोनतीनदा थांबून कान दिलास. मी म्हटलं, काय ऐकतोस, बिबट्या? तू म्हणालास, "नाई बे. माग नाही वाजून राहिला कोठं. जन्मापासून पहिल्यांदा." मग तू सांगितलंस की पॉवर हाऊसमध्ये जागा निघाल्या आहेत, तू अर्ज केला आहेस, आणि बापाला कसं सांगावं ते तुला समजत नाही. मी मोठ्या तोरानं म्हटलं, "सांगायचं काय, सरळ जायचं. मागावर आता काय उरलं?" तू काडीनं निखारे सारलेस. मग म्हणालास, "तुले सोपं वाटते." ते मला तेव्हा लागलं होतं. आता वाटतं, खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासोळ्या आल्या.

आपण होडी पाण्यात घातली आणि थोड्या वेळात तिच्या दोन्ही अंगांना बोटाएवढ्या मासोळ्यांची झुंड लागली. पाणी नुसतं उकळल्यासारखं. तू वाकून पाहिलंस आणि ओरडलास, "पाह्य बे! मासे आपली होडी खाऊन राहिले!" आपण किती हसलो! एक म्हातारा ढिवर आपल्या डोंग्यातून जाळं ओढत होता. तो जवळ आला, होडीला हात लावला, बोटं चोळली, वास घेतला. "बाबूजी, भाताची केली का होडी?" आपण अजून हसलो. तो नाही हसला. म्हणाला, "काठाकाठानं जा."

काठाकाठानं गेलो असतो तर दुपार झाली असती. बैलगाडीवाल्याला मी वेळ देऊन ठेवली होती, दुसऱ्या दिवशी मला ऑफिस गाठायचं होतं. सरळ मधून जाऊ, हे मी म्हटलं. तू नाही. एवढी एक गोष्ट तरी माझ्या नावावर स्पष्ट आहे.

आदल्या दिवशी कुठेतरी दगडाला घासून रंग निघाला असणार. तिथून पाणी कापडात शिरलं, आतली खळ सुटायला लागली, आणि खळीवर बसलेला तो दोन हातांचा रंग पापडासारखा सुटून पाण्यावर तरंगायला लागला. मधोमध आलो तेव्हा माझ्या टाचा ओल्या होत्या. मग घोटे. तू चहाच्या जर्मनच्या गंजानं पाणी काढत होतास आणि अजूनही हसत होतास. मग हसायचा थांबलास. मी समोर पाहून वल्हवत होतो, तुझा चेहरा मला दिसत नव्हता. पण तू हसायचा थांबलास ते मला पाठीला कळलं.

"दिन्या," तू म्हणालास, अगदी शांतपणे, "दोघायच्या वजनानं नाही चालत आता. मले पोहता येते. मी उतरतो. तू सरळ वल्हव, मांगं पाहू नको, तोल जाईन."

मी काही म्हणायच्या आत होडी हलली, वर उचलली गेली, आणि तू मागे पाण्यात होतास.

मी वल्हवलं. डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. काठ दिसत होता, त्यावरचं एक वाकडं झाड दिसत होतं. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. थोडा वेळ तुझे हात पाण्यावर पडल्याचा आवाज येत होता. मग तो यायचा बंद झाला. आणि मग हाक आली.

"दिन्या!"

एकदाच. माझंच नाव. त्यात काही गफलत नाही.

मी वळलो नाही, वासू.

स्वतःला मी बारा वर्षं काय काय सांगितलं ते ऐक. तूच म्हणाला होतास, मागे पाहू नको. वळलो असतो तर होडी उलटली असती. मला पोहता येत नव्हतं, दोघंही गेलो असतो. सगळं खरं आहे. कोणत्याही चौकशीत मी सुटेन. पण चौकशीत जे विचारणार नाहीत ते मला माहीत आहे. हाक ऐकल्यावर माझे हात थांबले नाहीत, जोरात चालायला लागले. मी तुझ्यापासून पळालो. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही.

काठापासून थोड्या अंतरावर होडी बसलीच. मी कमरेपर्यंतच्या पाण्यातून बाहेर आलो, ओकलो, मग मागे पाहिलं. पाण्यावर काहीच नव्हतं. ऊन, आणि रंगाचे पापुद्रे. मी तुला हाक मारायला तोंड उघडलं आणि नाही मारली. हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे मला समजत नव्हतं. मी त्या वाकड्या झाडाखाली बसून राहिलो. किती वेळ, माहीत नाही. सावली माझ्यावरून निघून गेली, एवढं आठवतं. काकाजींना काय सांगायचं त्याची वाक्यं मी जुळवत होतो. तुला सांगायला लाज वाटते, पण एक चांगलं वाक्य मी जुळवलंही होतं.

मग तू काठाकाठानं चालत आलास. त्या ढिवराचं कांबळं अंगावर, ओठ निळे, मागून तो म्हातारा. त्यानं तुला डोंग्यात ओढून टापूआडून काठाला लावलं होतं. तू माझ्यासमोर येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "चहा नाही ठेवला बे?"

आणि मी काय म्हटलं? ज्याला मी आत्तापर्यंत मेला समजून बसलो होतो, त्याला पहिलं वाक्य काय बोललो? "माचिस ओली झाली."

बस. तेवढंच. तू हसलास, ढिवर शिव्या देत काड्या गोळा करायला गेला. होडीचं कापड तू त्यालाच देऊन टाकलंस. गाडीत तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून नागपूर येईपर्यंत झोपलास, आणि मी उमरेड गेलं, दिघोरी गेलं तरी मान हलवली नाही. ठरवलं होतं, तू उठलास की बोलायचं. तू उठलास आणि म्हणालास, "तुह्यानं झालं हे. तू नीट वाचून दाखवाचं होतं." मी चिडलो. मी म्हटलं, मी वाचलं होतं, तुझ्या बापानं धुऊ दिलं नाही. तू म्हणालास, खळ नसती तर ताणा मागावरच तुटला असता, कापडच झालं नसतं. मी म्हटलं, विणून झाल्यावर धुवायला कोणी अडवलं होतं? इतवारी स्टेशनावर उतरलो तेव्हा आपण हातवारे करून भांडत होतो.

ते भांडण बारा वर्षं चाललं. तू पॉवर हाऊसमध्ये लागलास, तुझं लग्न झालं, तू कॉलनीतून सुटीला घरी यायचास, मी चहाला यायचो, आणि कोणी होडीचा विषय काढला की तू लगेच, "याले इचारा, यानं काय वाचून दाखवलं होतं!" की मी सुरू. लोक कंटाळून उठून जायचे. मला वाटायचं, लेकाला एकच गोष्ट किती दिवस पुरते. आता वाटतं, तू मुद्दाम मला खळीवर आणायचास. मी समोर असताना ती दुसरी गोष्ट कोणाच्या तोंडून निघू नये म्हणून. माझ्या पाठीमागे तू मला तिथे होडी वळवायला लावायचास, आणि माझ्यासमोर माझ्याशी कापडावरून भांडायचास. खरं ना? का हेही मीच माझ्या मनानं जोडून राहिलो?

आणि काकाजी. मी दारात आलो की ते मागावरून उठून उभे राहायचे. अंगात ताप असला तरी उठायचे. पहिला कप मला. मी कसा माणूस असेन बघ, मला वाटायचं, सरकारी नोकरीचा मान आहे. मी "बसा, बसा काकाजी" म्हणायचो, साहेबासारखा. मनातून बरंही वाटायचं.

तर आज मी ठरवूनच तुमच्याकडे आलो. जेवायच्या पंगती बसायच्या आधीच आलो. वहिनी मागच्या अंगणात एकट्याच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "वहिनी, मला एक सांगायचं आहे. ते होडीचं लोक म्हणतात ना, तसं झालं नव्हतं."

त्यांनी सुपातून मान वर नाही केली. "मले माहीत हाय, भाऊजी."

"काय माहीत आहे?"

"तुमी नाही वळले ते."

मी तिथेच ओट्याच्या कडेला बसलो. त्या खडे वेचत होत्या, आवाज अगदी साधा. "लग्नाच्या पहिल्याच साली सांगतलं होतं त्यायनं. त्यायले तुमची पाठ दिसे म्हणे पाण्यातून. हाक मारली तं वल्हं आखीन जोरात चालाले लागलं म्हणे."

वासू, तुला दिसलं होतं. सगळं दिसलं होतं. आणि तू त्या दिवशी माझ्या खांद्यावर झोपलास. कसा झोपलास रे?

मी विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हटलं, असा कसा गा हा माणूस? अन् त्याच्यासंगं तुमी चहा पेता? तं हासले. म्हणे, मंग दुसरा दिन्या कोठून आणू?"

मी रडलो. तिथे अंगणात, बायांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, तोंड झाकून रडलो. वहिनींनी थोडा वेळ रडू दिलं. मी म्हटलं, मग ही खोटी गोष्ट कशाला सांगत फिरला? त्या म्हणाल्या, "ते म्या कधी इचारलं नाही. मामाजीले सांगे ते, तुमच्या काकाजीले, त्यायच्या मांगून मग गल्लीनं धरली." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मामाजीले काही सांगू नोका, भाऊजी. मी पाया पडतो तुमच्या."

मला अजून समजून नाही राहिलं. तुला मला वाचवायचं होतं का? का बापाला सांगायला काहीतरी हवं होतं, की तुझ्यासाठी जगात कोणीतरी मागे फिरतं? का तुझा राग होता, आणि असा उगवायचा होता, की जन्मभर मला हात जोडणारे लोक मागे ठेवायचे? मी प्रत्येक उत्तर घेऊन पाहतो, आणि प्रत्येकात तू थोडा थोडा बसतोस. नीट कुठेच बसत नाहीस. निदान एकदा शिवी द्यायची होतीस बे मला. एकदा. मी आयुष्यभर तुझे पाय धरले असते.

जेवणं झाली. माणसं ओसरीवर, अंगणात बसली. काकाजी भिंतीला टेकून बसले होते. त्यांना आता नीट दिसत नाही, पण मी जवळ गेलो आणि ते भिंतीला हात लावून उठायला लागले. मी त्यांना धरून खाली बसवलं. त्यांनी माझा हात नाही सोडला.

"बाबूजी," ते म्हणाले, "ते होडीचं सांगा. वासू सांगे मले. आता कोण सांगन?"

मी दाराकडे पाहिलं. वहिनी चौकटीत उभ्या होत्या, पदर तोंडाशी धरून, खाली पाहत.

मी सुरू केलं. आधी खळीचं. लोक हसले, काकाजीही हसले. म्हणाले, "खळ माहीच होती." मग गार्ड, मग सांबर, मग मासोळ्या. मग ढिवर. मग पाणी घोट्यापर्यंत आलं आणि वासू म्हणाला, मी उतरतो. इथपर्यंत सगळं खरं होतं. मग मी थांबलो. काकाजींची बोटं माझ्या मनगटावर घट्ट झाली.

"मंग?"

"मग त्यानं हाक मारली, काकाजी. दिन्या म्हणून."

"मंग?"

"मग मी वळलो," मी म्हटलं.

वासू, मी वळलो. वल्हं डावीकडे उलटं धरलं, होडी गरकन फिरली, पाणी आत आलं, तरी फिरली. तू दिसलास. तुझं डोकं, तुझे डोळे. मी तुला म्हटलं, आलो बे, आलोच. मी तुझ्याकडे वल्हवत आलो. हे सगळं मी सांगून राहिलो होतो आणि माझे हात हवेत फिरून राहिले होते. तू जवळ आलास, तोंडात पाणी गेलेलं, आणि मी म्हटलं, "मग मी डावा हात पुढे केला, आणि त्याला…"

"उजवा," काकाजी म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते मान हलवत होते.

"डाव्या हातात वल्हं होतं तुमच्या. उजव्या हातानं ओढलं तुमी त्याले."

"हो काकाजी," मी म्हटलं. "उजवा."